पावसाळी ताप आणि न विचारलेला प्रश्न

ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यातल्या कुठल्याही दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रांग असते. हुडहुडी भरून ताप आला की मलेरिया, प्लेटलेट उतरल्या की डेंगू आणि विडाल चाचणी जराशी वर गेली की टायफॉईड, अशी तीन नावांत बहुतेक तापांची वाटणी होते. चौथं नाव सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. ते म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. हा आजार मुंबई-कोकणाचा, असं परभणीसारख्या जिल्ह्यात धरून चाललं जातं. त्यालाही कारण आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. सिंधुदुर्गात भातशेतीत राबणाऱ्यांनाही त्याने गाठलं. तेव्हापासून लेप्टो म्हटलं की आपल्याला तुंबलेलं पाणी आणि उंदीर आठवतात. डुक्कर आठवत नाही. खरं तर उंदीर, गाई-म्हशी, कुत्री यांच्याइतकंच डुक्करही या जिवाणूचं हक्काचं घर आहे.

धडधाकट जनावर, दूषित चिखल

लेप्टोस्पायरा हा जिवाणू इतका बारीक, की त्याची जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन भरते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नाही. त्यासाठी डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शक लागतो. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर चांदीच्या तारेचा पीळ चमकावा तसा तो दिसतो, टोकांना आकड्यासारखा वाकलेला आणि स्वतःभोवती गरगर फिरणारा. डुकराच्या मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांमध्ये तो मुक्काम ठोकतो. जनावर खातंपितं, हिंडतं, आजारी वाटत नाही, पण लघवीवाटे महिनोन्महिने जिवाणू बाहेर टाकत राहतं. खूण दिसलीच तर गाभण मादीत दिसते. दिवस भरायच्या दोन-चार आठवडे आधी ती गाभडते, किंवा पिल्लं मेलेली, मरतुकडी जन्मतात.

बाहेर पडलेला जिवाणू कोरड्या जागी, उन्हात किंवा ब्लीचिंग पावडरीत फार टिकत नाही. ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात मात्र तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. माती आम्लधर्मी नसेल तर आणखीच बरं. परभणीची काळी, भारी जमीन पाणी धरून ठेवते आणि तिचा सामूही बहुधा सातच्या वर असतो. त्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं आणि येलदरीचं पाणी, उसाचे फड, गावाकडेची तुंबलेली गटारं आणि त्यात लोळणारी मोकाट डुकरं. या आजाराला जे जे लागतं ते सगळं इथे एका ठिकाणी आहे.

माणसाला तो गाठतो तो पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्यांतून, नाका-तोंडातून. पावसाळ्यात वस्तीच्या कडेचा डुकरांचा वाडा पाहिला तर हे ध्यानात येतं. पत्रा, चार खांब, खाली घोटाभर चिखल. हॉटेलातलं उरलेलं अन्न बादलीतून आणून टाकणारी मुलगी अनवाणी. तिच्या टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. जिवाणूला याहून मोठं दार लागत नाही.

तापाला नाव कसं मिळालं

१८८६ साली जर्मनीत अ‍ॅडॉल्फ वाइल यांनी या आजाराच्या तीव्र, काविळीच्या रूपाचं वर्णन केलं. इनादा आणि इदो या जपानी संशोधकांनी १९१५ साली कोळसा खाणीतल्या कामगारांच्या आजारावरून जिवाणू शोधला. डुकरांशी असलेलं नातं उलगडायला मात्र वेगळी वाट घ्यावी लागली. फ्रान्सच्या आल्प्स भागात बूशे नावाच्या डॉक्टरांनी १९१४ साली एका विचित्र तापाची नोंद केली. ताप टायफॉईडसारखा, डोकेदुखी मेंदूज्वरासारखी, पण हा टायफॉईड नव्हता. रुग्ण बहुतेक एकाच कामातले होते, डुकरं राखणारी तरुण पोरं. तिथे त्याला डुकरं राखणाऱ्यांचा आजार असंच नाव पडलं. तो लेप्टोस्पायराच्या पोमोना या प्रकारामुळे होतो, हे स्वित्झर्लंडच्या ओटो ग्सेल यांनी दाखवलं ते १९४४ साली. म्हणजे या तापाचं कारण कळायच्या तीस वर्षं आधी वाट सापडली होती, आणि ती सापडली रुग्ण काय काम करतो याकडे लक्ष गेल्यामुळे.

इटलीच्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांसोबत ‘काम काय करता?’ हेही विचारा, असा त्याचा आग्रह होता. आपल्या पावसाळी तापांत नेमका हाच प्रश्न राहून जातो.

तो राहिला तर काय होतं? लागण झाल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी एकदम जोराचा ताप येतो, डोकं ठणकतं, डोळे लाल होतात पण पू येत नाही, आणि अंग दुखतं. त्यातही पोटऱ्या आणि कंबर. पोटरी नुसती दाबली तरी रुग्ण कळवळतो. बऱ्याच जणांना यापुढे काही होत नाही. काहींना मात्र कावीळ होते, मूत्रपिंडं निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. जगात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा आजार होतो आणि जवळपास ५९ हजार दगावतात, असा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. चटका लावणारी गोष्ट ही, की डॉक्सिसायक्लीन किंवा पेनिसिलीनसारखी जुनी, स्वस्त औषधं यावर चालतात. फक्त ती लवकर मिळायला हवीत. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर तपासणी उपयोगी पडते. आयजीएम एलायझा त्यानंतर बोलते. म्हणून अहवालाची वाट न पाहता, लक्षणं आणि काम यांची सांगड घालून उपचार सुरू करणं हेच शहाणपणाचं. एकट्या विडालवर भिस्त ठेवून टायफॉईडची गोळी देत बसलं तर हातचे दिवस निघून जातात.

गुन्हेगार नव्हे, पहिला रुग्ण

जानेवारी २०२१मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या पटापट मेल्या, नमुने तपासले गेले, बर्ड फ्लू निघाला आणि सगळी यंत्रणा धावली. लेप्टोत डुकरं अशी पटापट मरत नाहीत, त्यामुळे कुणी धावत नाही. मादी गाभडली तर मालक गुपचूप पुरून टाकतो. सांगितलं तर पालिकेची गाडी येऊन जनावरं उचलून नेईल ही धास्ती त्याला असते, आणि ती खोटी नाही. डुकरं पाळणारी घरं आधीच गावाच्या कडेला ढकललेली. त्यांच्याकडे बोट दाखवून आजार आटोक्यात येणार नाही. लागण सगळ्यात आधी त्यांनाच होते. त्यांच्या पाठोपाठ खाटीक, गटार साफ करणारे कामगार, ऊसतोड मजूर आणि जनावरांचे डॉक्टर.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. वाड्याला उताराची फरशी आणि लघवी जिरवायला शोषखड्डा, पायांत गमबूट, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, डुक्कर कापताना हातमोजे, उंदरांचा बंदोबस्त. मटण नीट शिजलं की त्यातून धोका उरत नाही. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावं, असं मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते. हा सल्ला परभणी, गंगाखेड, पूर्णा इथेही तितकाच लागू आहे. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील, विशेषतः गरोदर बाया आणि लहान मुलांच्या बाबतीत.

परभणीत १९७२पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि २०२३पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. जनावरांचं आणि माणसांचं असं दोन्ही ज्ञान एकाच शहरात आहे. गाभडलेल्या डुकरिणीची नोंद आणि तिच्या मालकाच्या तापाची नोंद एका टेबलावर यायला हवी, आणि नोंद देणाऱ्याची जनावरं उचलली जाणार नाहीत, उलट तपासणी फुकट होईल, हा शब्द पालिकेने द्यायला हवा. सुरुवात केसपेपरपासून करता येईल. नाव, वय, गाव याखाली एक रकाना वाढवायचा, काम आणि जनावरं. येत्या पावसाळ्याआधी तो छापून घ्यायला फारसा खर्च नाही, आणि एखाद्याचं मूत्रपिंड वाचायला तेवढंही पुरतं.