शेजारची कातडी

बाळाच्या पाठीवर वीतभर काळाभोर डाग, त्यावर दाट लव. अकोल्यापासून कर्जतपर्यंत कुठल्याही वस्तीवर असं बाळ जन्मलं, की पहिला प्रश्न आईलाच: "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?"

ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. गर्भ वाढत असताना त्वचेला रंग देणाऱ्या एखाद्या पेशीच्या जनुकात बदल होतो आणि तिची पिलावळ तेवढ्या भागात पसरते. आईबापांकडून तो आलेला नसतो. असा डाग म्हणजे जन्मजात तीळच; मोठेपणी २० सेंटिमीटरच्या पुढे जाईल तो 'मोठा' धरतात. सुमारे २०,००० जन्मांत असा एखादा.

लहान तीळ कापून कडा शिवता येतात. मध्यम आकाराचा काही महिन्यांच्या अंतराने, थोडा थोडा काढतात. पण वीतभर जागा झाकायला कातडी आणायची कुठून?

ती बाळाच्याच अंगावर वाढवतात. तिळाशेजारच्या चांगल्या कातडीखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी ठेवायची. जखम भरली की साधारण दर आठवड्याला बारीक सुईने तिच्यात सलाइन सोडायचं. वरची कातडी ताणून पांढुरकी पडली, की डॉक्टर हात आवरतात. गरोदरपणी पोटाची कातडी वाढते, तशीच ही दोन-तीन महिन्यांत वाढते. मग पिशवी काढून, तीळ कापून, ती कातडी त्या जागी ओढून घेतात. मधल्या काळात टेंगूळ घेऊन वावरणाऱ्या लेकराला सांभाळणं, पिशवीत जंतुसंसर्ग होऊ न देणं, दर आठवड्याला एसटीने दवाखाना गाठणं, हा सगळा भार घरच्यांवर. शस्त्रक्रियेचं निम्मं यश तिथेच ठरतं.

शेजारची कातडी वापरण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून नवं नाक दिलं. ती हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली.

मोठ्या तिळात कर्करोगाचा धोका साधारण २ ते ५ टक्के मानतात. शस्त्रक्रियेने तो पुरता जात नाही, म्हणून तपासणी आयुष्यभर. तिळात गाठ आली, रक्त आलं, तर लगेच दाखवावं. अंगभर बारीक तीळही असतील तर पहिल्या काही महिन्यांतच मेंदूचा एमआरआय करून घेतात.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी आईने अंगडं न संकोचता वर करावं आणि डॉक्टरांना पाठ दाखवावी.