हवामानाचा जमाखर्च

उष्णता धरून ठेवणारे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू मुंबईमुळे वातावरणात जातात, ते सर्वांत अधिक कशामुळे? रस्त्यावरची मोटारींची रांग आठवून तुम्ही म्हणाल, ‘वाहनांमुळे!’ पण हे उत्तर चूक आहे.

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये ‘वातावरण कृती आराखडा’ जाहीर केला. त्यासाठी तिने प्रथम २०१९ या वर्षाचा हिशेब मांडला. एकूण उत्सर्जन भरले सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यात वाहतुकीचा वाटा २० टक्के व कचऱ्याचा ८ टक्के निघाला. उरलेले ७२ टक्के घरे, दुकाने, कारखाने यांच्या ऊर्जेचे, मुख्यतः विजेचे होते. दिवा मुंबईत लागतो, पण त्यासाठी कोळसा डहाणूसारख्या दूरच्या केंद्रात जळतो. म्हणून तो धूर आपल्याला दिसत नाही.

आराखड्याची पहिली पायरी हिशेबाची का, हे आता ध्यानात येईल. दुसरी पायरी धोके ओळखण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. असे पाणी कोठे तुंबेल, उन्हाचा ताप कोणत्या वस्तीला अधिक, हे नकाशावर मांडतात. मग येते उद्दिष्ट. मुंबईने २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ठरविले आहे. शेवटी कामांची विभागणी व वेळोवेळी तपासणी.

पण मुंबईचा आराखडा मांजरीला जसाच्या तसा चालेल का? नाही. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. येथे शेते आहेत, नव्या इमारती आहेत आणि खडकवासल्यातून सोडलेले पाणी पुणे ओलांडून मुळा-मुठेतून याच बाजूने पुढे जाते. येथला हिशेब वेगळा, धोकेही वेगळे. ते येथल्याच माणसांनी सांगितले नाहीत, तर कागदावर येणार कसे?

तुम्ही सुरुवात करू शकता. विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो आणि पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. महिन्याला १०० युनिट वीज व १० लिटर पेट्रोल वापरणाऱ्या घराचा हिशेब पाहा: विजेचे ७० किलो, पेट्रोलचे २३ किलो. येथेही न दिसणारा धूरच मोठा!

वर्गातील प्रत्येकाने आपल्या घराचे आकडे आणावेत. पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, हे आजी-आजोबांना विचारून नकाशावर खूण करावी. मग शिक्षकांसह हा तक्ता व नकाशा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्यावा. आराखडा अधिकारी लिहितील. पण त्यात आपली गल्ली असावी, हे पाहणे आपले काम आहे.