पाच दिवसांचा पास आणि राजाबाईंचे घड्याळ

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील कित्येक व्यापाऱ्यांचे आयुष्य मस्जिद बंदर आणि काळबादेवीच्या वाटेवर सरते. माल पाहावा, उधारीचा हिशेब मिटवावा आणि मिळेल ती लोकल पकडून परतावे, हाच नित्यक्रम. ज्या मुंबईवर घराची पेढी उभी राहिली, ती मुंबई घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी मात्र लग्नकार्यापुरतीच पाहिलेली असते. ‘दिवाळीनंतर जाऊ’ असे म्हणता म्हणता गुडघे दुखू लागतात आणि बेत राहून जातो.

अशा कुटुंबांसाठी उपनगरी रेल्वेचे पर्यटक तिकीट उपयोगी आहे. एक, तीन किंवा पाच दिवसांच्या या तिकिटावर मध्य, हार्बर व पश्चिम अशा तिन्ही मार्गांवर कितीही वेळा प्रवास करता येतो. तथापि व्यापाऱ्याने आधी हिशेब करावा. दुसऱ्या वर्गाचे दर अनुक्रमे ७५, ११५ व १३५ रुपये धरले, तर डोंबिवली ते मुंबई जाऊन-येऊन ३० रुपये पडतात. म्हणजे एका दिवसाच्या पासात तोटाच आहे. पाच दिवसांचा पास मात्र दिवसाला २७ रुपयांत पडतो आणि मधल्या फेऱ्या त्यातच होतात. दिवस सलग मोजले जात असल्याने दुकान बंद असलेला सुट्टीचा आठवडा निवडावा. बेस्ट, मेट्रो व वातानुकूलित लोकल यांना हा पास चालत नाही. खरेदीपूर्वी खिडकीवर चालू दर विचारून घ्यावा.

पहिला दिवस फोर्ट भागासाठी ठेवावा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भगवान बाहुबलींची प्राचीन कांस्यमूर्ती आहे. तेथून जवळच ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाई टॉवर दिसतो. १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्यासाठी जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि त्यास मातोश्रींचे नाव देण्याची अट घातली. दृष्टिहीन राजाबाईंना घंटानादावरून वेळ कळावी व सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता यावे, हा त्यामागील हेतू होता, असे परंपरेने सांगितले जाते.

दुसऱ्या दिवशी मस्जिद स्थानकावरून पायधुनीचे गोडीजी पार्श्वनाथ देरासर, तिसऱ्या दिवशी चर्नी रोडहून टॅक्सीने वाळकेश्वरचे आदीश्वर देरासर पाहावे. चौथा दिवस ठाण्याचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी याच ठाण्यात पोहोचली. श्रीपाळ-मयणासुंदरीच्या कथेशी जोडलेले टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर स्थानकापासून दूर नाही. पाचवा दिवस विश्रांतीला किंवा राहून गेलेल्या स्थळाला द्यावा.

वडीलधाऱ्यांना घेऊन सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून चढणे धोक्याचे आहे. नवकारशी करून, गर्दी ओसरल्यावर, साडेदहा-अकराच्या सुमारास निघावे. सोबत घरचे खाखरे आणि उकळलेले पाणी ठेवावे. हिवाळ्यात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. म्हणून दुपारी साडेतीनलाच परतीची गाडी धरावी. म्हणजे संध्याकाळची गर्दीही टळते आणि घरी पोहोचून चौविहारही निवांत होतो.

आईचा चौविहार सांभाळण्यासाठी एका मुलाने मनोरा उभारल्याची ही कथा आहे. आज तो मनोरा आईला दाखवण्यासाठी मुलाने दुकानाच्या गल्ल्यावरून एक दिवस उठणे पुरेसे आहे.