भिंतीवरचं दगडी जग
नेर परसोपंतच्या शिवारात विहीर खणली की काळ्या मातीखाली काळा दगड लागतोच. हा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. दिवाणखान्याच्या भिंतीवर जगाचा दगडी नकाशा करायचा तर समुद्राला हाच घ्यावा. त्यावर जैसलमेरच्या पिवळ्या दगडाचे खंड खुलून दिसतात. समुद्र निळाच हवा, हा हट्ट मला तरी पटत नाही.

खरी अडचण वजनाची. ८ बाय ४ फुटांचा, फक्त १० मिलिमीटर जाडीचा नकाशाही ८० किलोच्या आसपास भरतो. त्यामुळे पक्की विटेची भिंत हवी आणि दगडाच्या गोंदाला धातूच्या क्लिपांचा आधार. किनारे वाळूमिश्रित पाण्याच्या जोरदार झोतानं कापतात, पण अंदमानसारखे बारीक तुकडे हमखास तुटतात. आणि संगमरवर वापरला असेल तर पुसताना लिंबू, ॲसिड अजिबात नको, चकाकी जाते.

वाराणसीच्या भारतमाता मंदिरातला अखंड भारताचा संगमरवरी नकाशा मात्र जमिनीवर आहे, डोंगरांच्या उठावासकट. मंदिराचं उद्घाटन गांधीजींनी १९३६ साली केलं. ते उभारणाऱ्या शिवप्रसाद गुप्तांना नकाशाची कल्पना सुचली ती पुण्यात, धोंडो केशव कर्व्यांच्या आश्रमातला मातीचा नकाशा पाहून.