लहान अग्निबाणाची मोठी परीक्षा

कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरत राहावा, यासाठी त्यास सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेग द्यावा लागतो. केवळ घन इंधनाच्या बळावर हा वेग गाठण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी ‘एसएलव्ही-३’ हा अग्निबाण सिद्ध केला. त्याची उंची सुमारे २२ मीटर, तर वजन सुमारे १७ टन होते.

घन इंधनात जळणारे द्रव्य व ज्वलनास प्राणवायू पुरविणारे द्रव्य एकजीव केलेले असते. त्यामुळे पंपांची व नळ्यांची गरज उरत नाही. परंतु एकदा पेटलेले असे इंधन मध्येच विझविता येत नाही. म्हणून सर्व दक्षता उड्डाणापूर्वीच घ्यावी लागते. या अग्निबाणाचे टप्पे चार होते. रिता झालेला टप्पा गळून पडला, की उरलेल्या भागास वेग देणे सुकर होते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून पहिले उड्डाण झाले. पहिल्या टप्प्याने आपले काम चोख बजावले. दुसऱ्याचे नियंत्रण मात्र सुटले आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. दोष घन इंधनात नव्हता. एका झडपेत कण अडकल्याने ती उघडी राहिली होती व दिशा राखण्यासाठी लागणारे नायट्रिक आम्ल उड्डाणापूर्वीच गळून गेले होते.

प्रकल्पसंचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष दूर केला. १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोग्रॅम वजनाचा ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत स्थिरावला. सतरा टनांच्या यंत्राचे यश एका लहानशा झडपेच्या स्वच्छतेवरही अवलंबून असते, हा धडा त्या अपयशाने दिला होता.