स्त्रियांची जननक्षमता व चयापचय

अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे ग्रहण, साठवण व विनियोग घडवून आणणाऱ्या शरीरातील रासायनिक घडामोडींना चयापचय म्हणतात. गर्भधारणा होऊन जिवंत अपत्य जन्मास घालण्याची पात्रता म्हणजे स्त्रीची जननक्षमता होय. गर्भारपण व स्तनपान ही शरीराच्या दृष्टीने फार ऊर्जा खर्च करणारी कार्ये असल्याने अंडकोशाचे कार्य चयापचयाशी निगडित असते. ऊर्जेची तूट असो वा इन्शुलिनाचे आधिक्य, दोन्ही टोकांना अंडमोचन (पक्व अंड अंडकोशातून बाहेर पडणे) अनियमित होते किंवा थांबते. एक वर्ष नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न झाल्यास वंध्यत्व आहे असे मानतात. त्याची कारणे पुरुषातही आढळत असल्याने केवळ स्त्रीला जबाबदार धरणे शास्त्राला धरून नाही.

क्रियाविज्ञान : मेंदूतील अधोथॅलॅमसातून ठराविक अंतराने स्पंदरूपाने स्रवणारे हॉर्मोन पोष ग्रंथीला उद्दीपित करते. पोष ग्रंथीतील पुटकोद्दीपक व पीतपिंडकारी हॉर्मोनांमुळे अंडकोशातील पुटकाची (अंड असलेल्या पिशवीची) वाढ व अंडमोचन होते. ऊर्जेच्या साठ्याची वार्ता या साखळीस हॉर्मोनांद्वारेच मिळते. वसा ऊतकातून (मेदाच्या साठ्यातून) स्रवणाऱ्या लेप्टिनाचा शोध १९९४ मध्ये लागला. साठा घटला की लेप्टीन घटते आणि अधोथॅलॅमसातील स्पंद मंदावतात. इन्शुलिनाचा परिणाम मेंदू व अंडकोश या दोहोंवर होतो.

ऊर्जेची तूट : उपासमार, आहार न वाढविता केलेले अतिश्रम किंवा खेळाडूंचे कठोर प्रशिक्षण यांमुळे ऋतुस्राव बंद पडू शकतो. ऋतुप्राप्तीसाठी शरीरभाराच्या सु. १७ टक्के व नियमित ऋतुचक्रासाठी सु. २२ टक्के वसा आवश्यक असते, असे मत रोझ फ्रिश व जॅनेट मॅकार्थर यांनी १९७४ मध्ये मांडले. अशी ठाम मर्यादा नसून श्रमांनंतर शरीराला किती ऊर्जा उरते हे अधिक महत्त्वाचे आहे, असे पुढे दिसून आले. पोषण सुधारल्यावर ऋतुचक्र बहुधा पूर्ववत होते.

इन्शुलीन-रोध : यकृत व स्नायू इन्शुलिनाला पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिक स्रवू लागते. अंडकोशाची इन्शुलिनाविषयीची संवेदनशीलता मात्र टिकून राहते. त्यामुळे त्यात पौरुषजन हॉर्मोने अधिक निर्माण होतात. शिवाय रक्तात त्यांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते. परिणामी पुटकांची वाढ अर्ध्यावर थांबते, पाळी लांबते आणि चेहऱ्यावर लव व मुरुमे वाढतात. हा विकार बहुपुटी अंडकोश लक्षणसमूह (पीसीओएस) या नावाने परिचित झाला. अर्व्हिंग स्टाइन व मायकेल लेव्हेन्थाल यांनी १९३५ मध्ये सात रुग्ण स्त्रियांवरून त्याचे वर्णन केले. यातील ‘पुटी’ म्हणजे गाठी नसून वाढ खुंटलेली पुटकेच होत. मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के, तर अधिक कडक निकषांनुसार १०.७ टक्के मुलींत तो आढळला.

अनियंत्रित मधुमेहात गर्भपात व गर्भातील व्यंगे यांचा धोका वाढतो. अवटू ग्रंथीच्या मंदतेमुळेही अंडमोचन बिघडते.

पश्चिम महाराष्ट्रातील परिस्थिती : तूट व आधिक्य ही दोन टोके नेहमी वेगवेगळ्या स्त्रियांतच आढळतात असे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ., तर इंग्‍लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे सु. ३.५ किग्रॅ. भरले. पुण्याकडील अर्भकांचे स्नायू व उदरातील इंद्रिये लहान होती. पण त्वचेखालील वसा त्या मानाने टिकून होती. अशी कृश परंतु मेदयुक्त शरीरघटना इन्शुलीन-रोधास अनुकूल असते. म्हणजे मातेच्या उदरात तूट सोसलेल्या मुलीला पुढे थोडे वजन वाढले तरी चयापचयाचा विकार जडू शकतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात हा निष्कर्ष लक्षणीय आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. कराड, वाळवे या भागांत ऊस व साखर कारखाने यांमुळे समृद्धी आली. टेंभू, ताकारी व म्हैसाळ उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी भागांत नेले. जिरायती शेतीतील कष्टांच्या व भाकरीच्या जीवनाकडून कमी श्रमांच्या व अधिक साखर-तेलाच्या आहाराकडे जाणारे हे संक्रमण अनेक कुटुंबांत एकदोन पिढ्यांतच घडते. आजी व आई यांच्या काळातील तूट आणि नातीच्या काळातील सुबत्ता यांचा भार अशा वेळी एकाच देहावर पडतो.

निदान : पाळी सातत्याने ३५ दिवसांहून लांबत असल्यास तपासणी आवश्यक ठरते. भारतीयांत शरीरभार निर्देशांक २३ पासून अतिभार मानतात. स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंमी.हून अधिक असणे धोक्याचे असते. सडपातळ स्त्रीतही इन्शुलीन-रोध असू शकतो. रक्तशर्करा, अवटू ग्रंथीचे कार्य व रक्तक्षय यांच्या तपासणीबरोबरच पतीच्या वीर्याची तपासणी आरंभीच करणे इष्ट असते. ती टाळल्यास स्त्रीवर निष्कारण उपचार होतात व वयाची मोलाची वर्षे वाया जातात.

उपचार : अतिभार असलेल्या स्त्रीचे वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले, तरी अंडमोचन पुन्हा सुरू होऊ शकते. कृश स्त्रीला मात्र वजन घटविण्याचा सल्ला अपायकारक ठरतो. तिला पुरेसा आहार व विश्रांती हवी. अंडमोचन घडविण्यासाठी या लक्षणसमूहात लेट्रोझोल हे प्रथम पसंतीचे औषध आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत लेट्रोझोलाने २७.५ टक्के, तर क्लोमिफेनाने १९.१ टक्के स्त्रियांना अपत्यप्राप्ती झाली. भारतात या कामासाठी लेट्रोझोलावर २०११ मध्ये घातलेली बंदी २०१७ मध्ये उठविण्यात आली. मेटफॉर्मिनामुळे इन्शुलीन-रोध कमी होतो. परंतु दीर्घकाल घेतल्यास ब१२ जीवनसत्त्व घटते. पुण्याच्या उपर्युक्त अभ्यासातील सु. दोनतृतीयांश गर्भवतींत ते मुळातच कमी आढळल्याने याकडे लक्ष देणे अगत्याचे असते.

गर्भधारणेपूर्वीचा काळ उपचारास सर्वांत अनुकूल असतो. मधुमेही स्त्रीने रक्तशर्करा आटोक्यात आणल्यावरच गर्भधारणा होऊ द्यावी. फॉलिक अम्‍ल सर्वच स्त्रियांनी आधीपासून घ्यावे. सातारा जिल्ह्यात २००७ मध्ये पहिले अपत्य लांबविणाऱ्या नवदांपत्यांना दोन वर्षांसाठी ५,००० व तीन वर्षांसाठी ७,५०० रुपये देण्याची योजना सुरू झाली होती. तिचा हेतू लोकसंख्या नियंत्रणाचा होता. तथापि लग्न व पहिले गर्भारपण यांमधील असा अवधी रक्तक्षय, मधुमेह व अनियमित पाळी यांचा वेळीच शोध घेण्यास उपयोगी पडू शकतो. लग्नानंतर वर्षाच्या आत मूल हवे, या अपेक्षेमुळे तो बहुधा मिळत नाही आणि उपचारसाध्य विकाराला ‘वांझपण’ हे नाव पडते. या प्रकारच्या वंध्यत्वात अंडकोश बहुधा निकामी झालेला नसतो. तो शरीराच्या स्थितीला प्रतिसाद देत असतो व ती सुधारल्यास त्याचे कार्य पुष्कळदा पूर्ववत होते.