एका धातूचा गोतावळा

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की आमच्या इंदुरातील मराठी घरांतून सायंकाळी इंग्रजी शब्दांची घोकंपट्टी ऐकू येऊ लागते. इन्स्पेक्ट म्हणजे तपासणे, सस्पेक्ट म्हणजे संशय घेणे, रिस्पेक्ट म्हणजे आदर करणे! शेजारीच आजोबा बसलेले असतात. लहानपणी त्यांनी संस्कृतचे धातू मुखोद्गत केलेले असतात. परंतु ‘तुमचे इंग्रजी आम्हांला कुठले कळायला?’ असे म्हणून ते स्वस्थ राहतात. नातवंडांनाही हळूहळू वाटू लागते की, आजोबांची विद्या आपल्या कामाची नाही. हा समज दोघांचेही नुकसान करणारा आहे, असे आम्हांस वाटते.

वरील तिन्ही शब्द सख्खी भावंडे आहेत. लॅटिन भाषेत ‘स्पेक्’ म्हणजे पाहणे. ‘इन्’ म्हणजे आत. आत डोकावून पाहतो तो इन्स्पेक्टर. ‘रि’ म्हणजे मागे किंवा पुन्हा. ज्याच्याकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटते त्याच्याविषयी रिस्पेक्ट. ‘सब्’ म्हणजे खालून. खालून, चोरट्या नजरेने पाहणे म्हणजे सस्पेक्ट. ‘प्रो’ म्हणजे पुढे. पुढे काय मिळणार ते दाखवणारे महाविद्यालयाचे माहितीपत्रक म्हणजे प्रॉस्पेक्टस. आजोबांच्या नाकावरील स्पेक्टॅकल्सही याच घराण्यातले!

आता आजोबांनी आपल्या ‘ईक्ष्’ धातूचे स्मरण करावे. त्याचाही अर्थ पाहणे. निरीक्षक, प्रेक्षक, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, समीक्षा ही सारी त्याचीच संतती. इन्स्पेक्टर तो निरीक्षक, स्पेक्टेटर तो प्रेक्षक आणि एक्स्पेक्टेशन ती अपेक्षा. ‘परि’ म्हणजे सभोवार. सर्व बाजूंनी पाहणे ती परीक्षा. लॅटिनमध्ये सभोवार या अर्थी ‘सर्कम्’ आहे. त्यापासून झालेला सर्कमस्पेक्ट हा शब्द चौफेर पाहून जपून वागणाऱ्याला लावतात. घडण एकच, अर्थ मात्र दोन दिशांना गेले.

ईक्ष् आणि स्पेक् यांचे हे साम्य रीतीचे आहे, रक्ताचे नव्हे. रक्ताचे नाते आहे ते संस्कृत ‘स्पश्’ धातूशी. ऋग्वेदात वरुणाच्या हेरांना ‘स्पश’ म्हटले आहे. वेगळ्या वाटेने इंग्रजीत आलेला ‘स्पाय’ हा त्याच कुळातला. शाळेत ‘दृश्’ धातूचे रूप ‘पश्यति’ असे शिकवतात, तेही मूळचे याच धातूचे, आरंभीचा सकार गळालेले. आपण रोज उच्चारतो तो ‘स्पष्ट’ शब्दही स्पश् पासूनच आला. स्पष्ट म्हणजे नीट दिसलेले. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला होता. स्पष्ट आणि इन्स्पेक्टर हे त्याचे घरगुती उदाहरण होय.

आणखी एक गंमत पाहा. शुभ या अर्थाच्या ऑस्पिशस या शब्दात ‘अविस्’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेक्’ म्हणजे पाहणे दडलेले आहे. रोमन लोक पक्ष्यांचे उड्डाण पाहून शुभाशुभ ठरवीत. आपल्या ‘शकुन’ शब्दाचा संस्कृतातील एक अर्थ पक्षी असाच आहे!

मात्र केवळ तोंडवळ्यावरून नाते जुळवू नये. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर एक्स्पेक्टोरंट असे लिहिलेले असते. त्याचा एक्स्पेक्टशी काडीचाही संबंध नाही. ‘पेक्टस्’ म्हणजे छाती. छातीतला कफ बाहेर काढणारे ते एक्स्पेक्टोरंट. म्हणून शंका येताच शब्दकोश उघडावा. चांगल्या इंग्रजी कोशात शब्दाचे मूळ दिलेले असते.

आमची वाचकांना एक सूचना आहे. घरात एक वही घालावी. पानाच्या माथ्यावर एक धातू लिहावा. डावीकडे नातवाने इंग्रजी शब्द लिहावेत, उजवीकडे आजोबांनी तशाच घडणीचे आपले शब्द. सुट्टीत आठवड्याला एक पान झाले तरी पुष्कळ. घोकंपट्टीचे ओझे तर कमी होईलच. शिवाय ज्या आजोबांना इंग्रजी येत नाही म्हणून संकोच वाटत होता, त्यांच्याकडे नातू आपण होऊन वही घेऊन येईल.